सर्व्हरने दिलेला कौल

दूध संघाच्या पटांगणात त्या दिवशी मुंगीलाही वाट मागून पुढे जावं लागलं असतं. लोणंदच्या बाजूची माणसं आली होती, मेढ्याच्या डोंगरातली आली होती, कडेवर पोरं घेऊन बाया आल्या होत्या, आणि ज्यांच्या गोठ्यात शेळीसुद्धा नव्हती असे रिकामटेकडे तर सगळ्यांच्या आधी येऊन पुढे बसले होते. वार्षिक सभेचा पांढरा पडदा प्रयोगशाळेच्या भिंतीवर ताणला होता. पडद्यासमोर चौरंग, चौरंगावर कॉम्प्युटर, कॉम्प्युटरच्या गळ्यात झेंडूची माळ. कीबोर्डावर हळदीकुंकू इतकं उधळलं होतं, की अक्षरं शोधायला बोटानं पुसावं लागत होतं.

मिस्बाहनं स्कूटर फाटकाशीच लावली. ती संघाच्या कॉम्प्युटर विभागात होती. रहिमान बागवान या लोणंदच्या फळवाल्याची मुलगी. सांगलीला इंजिनिअरिंग शिकून आलेली. सकाळी सकाळी तिला तिच्या वरिष्ठानं, जयराजनं, शिरवळच्या केंद्रावर पिटाळलं होतं. तिथली लाईन बंद आहे म्हणाला होता. तिथं जाऊन बघते तर लाईन ठणठणीत. केंद्रावरची अंकिता हसत म्हणाली, "काय गं, चहा प्यायला एवढ्या लांब आलीस व्हय?" चहा पिऊन मिस्बाह परत आली, तर इकडं तिच्याच कॉम्प्युटरला कुणी नवरदेव करून बसवलेला.

"बापहो! आयांनो!" चौरंगामागून नाथाजी महाराजांचा आवाज चढला. महाराज मूळचे कुठले, असं कुणी विचारलं की ते डोळे मिटून आकाशाकडे बोट करत. बोटाच्या दिशेला नेमका एसटीचा डेपो असे. "जुन्या काळी देवीला कौल लावायचे. मूर्तीला फूल चिकटवायचं. उजवं पडलं तर व्हय, डावं पडलं तर न्हाई. पण कलियुगात फुलात फवारा आला, फूल इटाळलं! मंग देवी कुटं जाईल? देवी तारंत आली! वरनं इजेच्या रूपानं उतरती, खाली अक्षरात उमटती. वायफाय म्हंजी काय रं?"

पुढच्या रिकामटेकड्यानं आशेनं विचारलं, "काय, महाराज?"

"वायू! पंचमहाभूतातला वायू!"

"आऽऽ!" अख्खं पटांगण एका श्वासात हललं.

कौलाचं कारण मोठं होतं. संघाच्या आवारात वाघजाईचं छोटं देऊळ होतं. रोज पहाटे पहिल्या धारेचं दूध तिच्या पायांशी जायचं. त्या देवीचा चांदीचा मुखवटा आठवड्यापूर्वी नाहीसा झाला होता. पोलिसांत जाऊ म्हणणाऱ्यांना अध्यक्ष पृथ्वीराजसाहेबांनी गप्प बसवलं होतं. "घरची अब्रू चावडीवर कशाला? देवीचा चोर देवीच दावील." आणि त्यांनी महाराजांना आणलं होतं.

महाराजांची युक्ती मात्र, मिस्बाहलाही मान्य करावं लागलं, मोठी चलाख होती. संघात कामाला असलेल्या प्रत्येकाला कॉम्प्युटरवर आपलं नाव आणि पासवर्ड टाकून आत शिरावं लागे. वजनाचा काटा असो, प्रयोगशाळा असो, की दूधपावडरीचं कोठार. महाराजांनी आदल्या दिवशी जयराजकडून, कॉम्प्युटर विभाग सोडून बाकी सगळ्यांचा, पासवर्ड एकच करून घेतला होता: देवीचं नाव. म्हणजे "विसरलो" म्हणायची सोय नाही. ज्याच्या हाताला पाप नाही, त्याच्या हातून देवीचं नाव उमटेल आणि यंत्र त्याला आत घेईल. चोराचा हात असेल, तर यंत्र त्याला दारातूनच परत लावील.

एकेक जण चपला काढून पुढे येत होता. काटेवाला आला, नाव टाकलं, पडद्यावर हिरवं उमटलं: स्वागत आहे. टाळ्या. ट्रकवाला आला. स्वागत आहे. अध्यक्षसाहेब स्वतः आले, सदऱ्याच्या बाह्या सारून एका बोटानं टकटक केलं. स्वागत आहे. घंटा वाजली, शंख वाजला.

मग आकाराम जाधव पुढे आले.

आकारामकाका प्रयोगशाळेत दूध तपासायचे. फौजेतून निवृत्त झालेले, सिग्नल तुकडीत संदेश पाठवण्यात आयुष्य गेलेलं. बोट ठेवलं की अक्षर चुकायचं नाही. मिस्बाहच्या बापाचे ते लहानपणापासूनचे दोस्त. पोरीला सांगलीला एकटी कशी धाडू म्हणून रहिमान अडून बसला होता, तेव्हा याच माणसानं त्याच्या फळाच्या गाड्यापाशी ठाण मांडलं होतं. "रहिमान, पोरगी शिकंल न्हाई, तर तुझा गाडा मी उलटा करीन बघ!"

त्यांनी नाव टाकलं. देवीचं नाव टाकलं. कळ दाबली.

पडद्यावर लाल उमटलं: प्रवेश नाकारला. नाव किंवा पासवर्ड चुकीचा.

"परत टाका," कुणीतरी म्हणालं.

त्यांनी कळा पुसून घेतल्या, परत टाकलं. लाल. तिसऱ्यांदा एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाकलं, सगळ्या पटांगणानं त्यांच्यामागून म्हटलं. लाल.

शंख वाजला नाही. घंटेवरचा हात तसाच राहिला. आणि त्या शांततेत मिस्बाहनं एक गोष्ट पाहिली, ती तिला पुढे कित्येक दिवस झोपू देणार नव्हती. आकारामकाकांच्या दोन्ही बाजूंना जी माणसं उभी होती, रोज त्यांच्या डब्यातली भाकरी मोडून खाणारी, ती एकेक पाऊल बाजूला सरकली. कुणी ढकललं नाही, कुणी काही बोललं नाही. माणसाभोवती आपोआप रिंगण पडलं.

"थांबा!" मिस्बाह गर्दीतून पुढे घुसली. "साहेब, हे तपासायला पाहिजे. लॉगिन अडकायला शंभर कारणं असतात."

पृथ्वीराजसाहेब प्रेमळ हसले. असलं हसू मिस्बाहला शिवीपेक्षा जास्त लागे. "पोरी, तुझं मशीन तू बघ. पण ह्यो देवीचा कौल हाय. तुमचा धरम येगळा, तू यात पडू नगंस."

"माझी आत्या मदिनाबीसुद्धा ताईत घालून बसली होती, साहेब. कावीळ काय ताईतानं गेली नाही. आमच्याकडंही असले महाराज आहेत. मी त्यांच्यातही पडते."

मागून कुणीतरी हसलं, पण साहेबांनी मान वळवताच हसू विझलं. महाराजांनी निकाल सांगितला. उद्या सकाळी आकारामनं देवीच्या उंबऱ्यावर नाक घासायचं, मुखवटा आणून ठेवायचा, आणि संघाची पायरी कायमची सोडायची. नाही केलं, तर पोलीस. आणि त्याच्या घरचं दूधसुद्धा संघात घ्यायचं नाही.

रंगूबाई, आकारामकाकांची बायको, बायांच्या घोळक्यात खाली बसली. तिच्या शेजारच्या बाईनं आपला पदर तिच्या हाताखालून हळूच ओढून घेतला.

*

सर्व्हरच्या खोलीच्या दारावर लिंबूमिरची टांगलेली होती. आत जयराज खुर्ची मागे झुकवून बसला होता.

जयराज तिच्यापेक्षा वयानं फारसा मोठा नव्हता, पण पहिल्या दिवसापासून ती त्याला दादा म्हणायची. सर्व्हर म्हणजे काय हे तिनं कॉलेजात वाचलं होतं. सर्व्हर रुसतो कसा आणि समजूत कशी काढायची, हे त्यानं शिकवलं होतं. तिची आई दवाखान्यात होती तेव्हा त्यानं आपली ड्युटी करून तिचीही केली होती. त्यासाठी तिनं आपला पासवर्ड त्याला विश्वासानं सांगून ठेवला होता. घरची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवावी तसा. परत मागायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

"दादा, काकांचं लॉगिन का अडकलं?"

"हळद गेली असंल कीबोर्डात," तो मोबाईलवरून डोळे न उचलता म्हणाला. "नाहीतर नेटवर्क."

"नेटवर्क असतं तर सगळेच अडकले असते."

"मिस्बाह, सोड ना. म्हातारा निवृत्त व्हायला आलाच आहे. उगा वाघाच्या तोंडात हात कशाला?"

तो इतक्या थकल्या मायेनं म्हणाला, की तिनं सोडलं. त्याच्यावर विश्वास ठेवायची तिच्या मनाला सवयच होती. डिरेक्टरी, म्हणजे नावांची यादी, मी बघितली, ठीक आहे, असं तो म्हणाला, आणि तिनं मान डोलावली.

उन्हं उतरताना ती आकारामकाकांच्या घरी गेली. एरवी ओसरीवर दोनचार माणसं हमखास असायची. आज रिकाम्या ओसरीवर काका बसले होते, हातांकडे बघत.

"काका, नाव बरोबर टाकलं होतं ना?"

"फौजेत अंधारात, बर्फात हात गारठल्यावर बी चुकलं न्हाई गं. तिनंदा टाकलं." मग ते अगदी हळू म्हणाले, "पोरी, एक इचारू? माणूस झोपंत उठून काय काय करतोय म्हनं. मी झोपंत उचलला नसंल ना मुखवटा?"

गावानं चोर म्हटलं ते मिस्बाहनं ऐकलं होतं. पण या माणसाला त्यांनी स्वतःवरच पहारा ठेवायला लावला होता.

"आवं, काय बोलताय ह्ये!" रंगूबाई आतून ओरडली. "घर शोधलं म्या सगळं. कणगीत हात घालून शोधलं!" आणि म्हणजे आपणही क्षणभर संशय घेतला हे तिच्याच ध्यानात आलं. ती दारातच थबकली, पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं तिचा आवाज आला, जात्यावरचा असावा तसा, स्वतःशीच:

"दुधात घातलं पानी, कळंल बाई उकळीला,
मानसा लागला डाग, सांगू कुनाच्या ओळखीला?"

काका म्हणाले, "लेकीच्या लग्नाला मी देवीला कौल लावला हुता. उजवं फूल पडलं, लेक सुखात हाय. आता तीच देवी न्हाई म्हनती, तर तिला खोटी कशी म्हनू?"

"देवीला कोण खोटी म्हणतंय? पण काका, तुमच्यावर कुणाचा राग आहे का? दुधाच्या टँकरवरून मागं काय झालं होतं?"

ते गोष्ट टाळायला बघत होते, पण सांगितलं. अध्यक्षांच्या स्वतःच्या गोठ्याचं दूध. आयोडीनचे थेंब टाकताच निळं पडलेलं. पिठाची भेसळ. काकांनी टँकर परत लावला. पुढच्या वेळी परत निळं, परत माघारी. "पोरंबाळं पित्यात ते दूध. मी आड आलो, दुसरं काय केलं?"

परतताना मिस्बाहला जयराजची मायेची वाक्यं आठवली आणि पहिल्यांदा ती कानात अडकली. *हळद गेली असंल.* पासवर्ड सगळ्यांचा एक. काकांचं बोट चुकलेलं नाही. मग दार अडकलं ते पासवर्डाशी नाहीच. त्याच्या आधी कुठेतरी.

*

सकाळी पटांगण भरायच्या आत ती सर्व्हरपाशी बसली. जयराज अजून आला नव्हता.

लॉगिनचं दार तसं एक दिसतं, पण असतात दोन. संघातल्या सगळ्या माणसांची नावं एका जागी असतात, तिला डिरेक्टरी म्हणतात. कुणी नाव टाकलं की प्रोग्राम आधी डिरेक्टरीत जाऊन शोधतो: ह्या नावाचा माणूस आहे का? हे पहिलं दार. माणूस सापडला तरच दुसरं दार: पासवर्ड जुळतो का? पडद्यावर मात्र दोन्ही वेळा एकच वाक्य येतं, नाव किंवा पासवर्ड चुकीचा. चोराला कुठल्या दारात अडकलो ते कळू नये म्हणून. इथं त्याच वाक्यानं सज्जनाला चोर केलं होतं.

तिनं प्रोग्रामला बाजूला ठेवलं आणि थेट डिरेक्टरीला विचारलं. आकाराम जाधव आहेत का? आहेत. खातं बंद केलंय? नाही. देवीचं नाव टाकून बघितलं. उघडलं. म्हणजे डिरेक्टरी त्यांना ओळखत होती, पासवर्डही बरोबर होता. आता तिनं प्रोग्रामच्या बाजूनं शोध घेतला. काटेवाला सापडला. अंकिता सापडली. आकाराम जाधव? असा माणूसच नाही.

तिनं सेटिंग उघडलं. कोणाला शोधायचं, कोणाला नाही, हे ठरवणारी तिथं एक ओळ असते. त्या ओळीच्या शेवटी एक बारीक तुकडा जोडला होता. अर्थ एवढाच: सगळ्यांना घे, ह्या एकाला सोडून.

तुकडा कालच जोडला होता, ती शिरवळच्या केंद्रावर असताना. आणि जोडणाऱ्याच्या नावाच्या जागी होतं: मिस्बाह बागवान.

दार वाजलं. जयराज आत आला, पडद्याकडे बघितलं आणि दार लावून घेतलं.

"तू बघणार हे माहीत होतं मला," तो म्हणाला. "मीच शिकवलंय ना."

"माझ्या नावानं, दादा?"

"साहेबांनी सांगितलं. विभाग माझ्याकडं देणार आहेत. एकच ओळ तर होती, मिस्बाह. चार दिवसांनी काढून टाकली असती."

"चार दिवसांनी काका कुठं असते?"

तो आवाज उतरवून म्हणाला, "हे बघ. तू बोललीस तर ओळ तुझ्या नावावर आहे. देवीच्या कामात मुसलमान पोरीनं हात घातला, असं लोक म्हणतील. मी तुला वाचवायलाच सांगतोय."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला वाटत होतं, कुठेतरी ह्या चेहऱ्याच्या मागे तिचा दादा असेल, बोलावला तर येईल. आला नाही. माझं नाव त्यानं घाईत वापरलं नाही, विचार करून वापरलं, हे तिला उमगलं. तिच्या आईच्या आजारपणात हाती आलेली किल्ली त्यानं जपून ठेवली होती ती आजच्यासाठी.

"बाजूला हो," ती म्हणाली. "मला सभेला जायचंय."

*

आकारामकाका देवळाच्या उंबऱ्यापाशी उभे होते. फौजेचा जुना स्वेटर घातला होता, ताठ. गुडघा वाकवायला लागले तेवढ्यात मिस्बाह मध्ये येऊन उभी राहिली.

"महाराज, यंत्र देवीचं तोंड आहे ना? मग आज अजून एकदा विचारू. देवी एका दिवसात शब्द बदलणार नाही."

"पुन्ना पुन्ना कौल लावत न्हाईत!" महाराज घाईनं म्हणाले. "कोप व्हतो!"

"काल तिनंदा लावलाच की," बायांतून एक म्हातारी खणखणीत बोलली. "लावू द्या पोरीला. कोप व्हायचा तर तिच्यावर व्हईल."

गर्दीलाही तमाशा हवाच होता. मिस्बाह चौरंगाशी बसली. पडद्यावर तिनं काहीबाही उघडलं, लिहिलं, बंद केलं. सगळ्यांनी बघितलं, कुणाला कळलं नाही. मग तिनं हाक मारली, "रंगूकाकी, तुमच्या म्हशीचं नाव काय?"

"चंद्री," रंगूबाई भांबावून म्हणाली.

मिस्बाहनं नावाच्या जागी लिहिलं: चंद्री. मग देवीचं नाव. कळ दाबली.

स्वागत आहे, चंद्री.

पटांगण फुटलं. "म्हस आत गेली रं!" "चंद्री साधवी निघाली!" "आता तिलाच अध्यक्ष करा, गड्यांनो!" पुढचे रिकामटेकडे लोळण घेत हसत होते. महाराजांनी शेंडी सावरली. "म्हस म्हंजी गोमातेची बहीण. तिचं मन शुद्ध..."

"बरं. आता अध्यक्षसाहेब. काल तुम्ही पहिल्या झटक्यात आत गेलात. या."

पृथ्वीराजसाहेबांना नाही म्हणता येईना. एका बोटानं टकटक केलं.

प्रवेश नाकारला.

हसू थांबलं. साहेबांनी परत टाकलं. लाल. आणि मिस्बाहच्या डोळ्यांदेखत, ज्याची तिनं कल्पनाही केली नव्हती तसं घडलं. साहेबांच्या भोवती रिंगण पडायला लागलं. कालचीच माणसं, कालचंच एक पाऊल. "साहेबच चोर!" कुणीतरी किंचाळलं. "धरा त्येला! देवीनं दावला!" एका हातात दगड दिसला.

"थांबा!" मिस्बाहचा आवाज फाटला. "अहो थांबा! यानं साहेबही चोर ठरत नाहीत! मी केलंय हे! तुमच्या समोर बसून केलंय!"

दगडाचा हात खाली आला.

"तुम्ही सगळे दूधवाले. गाळणी माहीत आहे ना?" तिनं पडद्यावर ती ओळ मोठी करून दाखवली. "ही कॉम्प्युटरची गाळणी. कोणाला आत सोडायचं, कोणाला अडवायचं, हे हिच्यावर लिहायचं. आता हिच्यावर साहेबांचं नाव आहे, मी लिहिलं. काल हिच्यावर आकारामकाकांचं होतं. म्हशीला मी माणसांच्या नावांत बसवलं, म्हणून ती आत गेली. यात देवी नाही, पाप नाही, पुण्य नाही. जो लिहील, त्याचं मशीन ऐकतं. बघा."

तिनं तो तुकडा पुसला. "काका, या."

आकारामकाका आले. एकेक अक्षर दाबलं. स्वागत आहे. त्यांनी पडद्याकडे बघितलं नाही. लोकांकडे बघितलं.

"मंग काल लिवलं कुनी?" म्हातारीनं विचारलं.

हाच प्रश्न यायचा होता. "काल सकाळी, माझ्या नावानं लिहिलंय," मिस्बाह म्हणाली.

"बघा! बघा!" पृथ्वीराजसाहेबांना धाप लागली होती तरी ओरडले. "मी म्हनत हुतो..."

"त्या वेळी ती माझ्यासमोर बसून चहा पीत होती, साहेब," गर्दीतून अंकिता बोलली. ती शिरवळहून सभेला आली होती. "बंद नसलेली लाईन दुरुस्त करायला तुमच्याच माणसानं धाडली होती."

"माझी किल्ली मी एका माणसाला दिली होती," मिस्बाह म्हणाली. "आईच्या आजारपणात. भाऊ समजून." तिनं नाव घेतलं नाही. सगळ्यांच्या माना आपोआप सर्व्हरच्या खोलीच्या दाराकडे वळल्या. तिथं जयराज उभा होता.

आकारामकाका त्याच्यापर्यंत चालत गेले. मारतील असं वाटलं. त्यांनी फक्त विचारलं, "का रं?"

जयराजनं साहेबांकडे बघितलं. साहेब दुसरीकडे बघत होते. तेवढ्यानं त्याला आपली किंमत कळली असावी. "टँकर," तो पुटपुटला. "साहेबांचा टँकर अडवत होतात तुम्ही. तुम्ही असेपर्यंत जमणार नव्हतं. महाराज त्यांनीच आणले, गाळणी मी लावली."

कुणीतरी पोलिसांना फोन लावला. महाराज तेवढ्यात जीपकडे सरकत होते. रंगूबाई आडवी आली. "आवं महाराज, कुटं निघाला? पोलीस येऊस्तवर चा घ्या की. त्यांनाबी जरा वायफाय समजावून सांगा!"

पोलीस आले. मुखवटा कुठे आहे, हे त्या संध्याकाळपर्यंत तरी कळलं नव्हतं. पण निदान तो आता शोधला जात होता. कपाटं उघडून, माणसांना प्रश्न विचारून, जसा पहिल्या दिवशीच शोधायला हवा होता.

जयराज जाताना मिस्बाहपाशी थांबला. "माफ कर."

तिला रडू फुटत होतं आणि रडायचं नव्हतं. "तुला शिकवता येतं रे दादा, म्हणून मला तू खरा वाटलास," ती म्हणाली. "चूक तीच झाली माझी. हुशार माणूस खोटं बोलत नसतो असं मी धरून चालले. हे लोक कॉम्प्युटरबद्दल तेच धरून चालले." ती वळली आणि परत बघितलं नाही.

पटांगणात आकारामकाकांभोवती आता दाटी झाली होती. कालची रिंगण धरणारी माणसं आज एकमेकांना ढकलत पुढे येत होती. कुणी हार आणला होता. काटेवाला तर, ज्यानं काल सगळ्यांच्या आधी पाऊल मागे घेतलं होतं, वाकून पायाला हात लावायला लागला. "चुकलं, काका. तुमी देवमानूस हाय."

काकांनी पाय मागे घेतला.

"न्हाई गड्या. देवमानूस नगं." त्यांचा आवाज चढला नाही, पण मागच्या बाईपर्यंत पोचला. "काल एक लाल अक्षर बघून मला चोर केलं, त्ये बी न इचारता. आज हिरवं बघून पाया पडताय, त्ये बी न इचारता. एवढ्या माणसांत एकाच्या बी तोंडी 'का' आलं न्हाई? मशीन काय, महाराज काय, साहेब काय, मी काय. कुनी बी सांगू द्या. आधी इचारा, तुला कसं कळलं? दाव म्हना. दावलं तर माना. न्हाई दावलं, तर शेजारच्या मानसाचा हात सोडू नका, एवढंच करा."

हार तसाच हातात राहिला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. फाटकाशी कुठल्यातरी टँकरचा हॉर्न वाजला आणि काका आयोडीनची बाटली शोधायला प्रयोगशाळेत निघून गेले.